न्यायासनापुढे संत पौल

२९ जूनला ख्रिस्तसभा संत पेत्र आणि संत पौल यांचा सण साजरा करते. संत पौलांचे प्रवास आणि पत्रे आपण मिस्सेच्या वाचनांतून नेहमी ऐकतो. कोर्टकचेऱ्या त्यांच्या मागे किती लागल्या होत्या, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

ते तार्ससचे यहुदी, धंद्याने तंबू करणारे आणि जन्माने रोमन नागरिक. ही शेवटची गोष्ट त्यांच्या फार कामी आली. त्या काळी ख्रिस्ती माणसे मूठभर होती.

फिलिप्पै येथे पौल व सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडायचे ठरवले, पण पौल हलेनात. रोमन नागरिकाला खटल्याशिवाय फटके मारणे कायद्याविरुद्ध होते. शेवटी अधिकाऱ्यांनाच येऊन विनवणी करावी लागली. मागे राहणाऱ्या छोट्या मंडळीला त्रास होऊ नये, हाच पौलांचा हेतू असावा असे आम्हांला वाटते.

करिंथमध्ये त्यांना गल्लियो या सुभेदारापुढे उभे केले. हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून त्याचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पौल लोकांना नियमशास्त्राविरुद्ध उपासना करायला लावतात, असा आरोप होता. पौल बोलणार, एवढ्यात गल्लियोने खटला फेटाळला. गुन्हा घडला असता तर ऐकले असते; धर्मातील शब्दांचे आणि नावांचे वाद सोडवणे त्याला आपले काम वाटले नाही. त्याला ख्रिस्ती लोकांचे प्रेम होते असे मुळीच नाही. लगेच त्याच्या डोळ्यांदेखत सभास्थानाचा अधिकारी सोस्थेनेस याला मारहाण झाली, तीही त्याने मनावर घेतली नाही. तरीही त्या निकालामुळे पौलांना करिंथमध्ये आणखी बरेच दिवस राहता आले. ते न्यायासन उत्खननात सापडले आहे.

पुढे यरुशलेममध्ये दंगल झाली. चाळीसहून अधिक जणांनी पौलांना ठार केल्याशिवाय अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहिली. ही बातमी पौलांच्या भाच्याने फोडली. सहस्रपतीने २०० शिपाई, ७० घोडेस्वार आणि २०० भालेकरी देऊन त्यांना रातोरात कैसरियाकडे रवाना केले. एका कैद्यासाठी एवढा बंदोबस्त!

तिथे मात्र न्याय रखडला. सुभेदार फेलिक्सला लाच हवी होती. तो पौलांना वारंवार बोलावून घेई, बोलत बसे आणि परत कोठडीत धाडी. अशी दोन वर्षे गेली. तारखांवर तारखा आपल्यालाही नव्या नाहीत. नंतर आलेल्या फेस्तने खटला यरुशलेमला नेण्याचे सुचवले. तिकडे जाणे म्हणजे मरण, हे ओळखून पौलांनी नागरिकाचा हक्क वापरला आणि कैसराकडे दाद मागितली. आता पंचाईत फेस्तची झाली, कारण कैसराला लिहून पाठवावा असा आरोपच त्याच्याकडे नव्हता. अग्रिप्पा राजाचे मत पडले की, दाद मागितली नसती तर हा माणूस सुटला असता.

वादळ, माल्टाजवळ फुटलेले जहाज आणि मग रोम. तेथे भाड्याच्या घरात, पहाऱ्यात, पौल दोन वर्षे येईल त्याला सुवार्ता सांगत राहिले. कैसराच्या निकालाविषयी प्रेषितांची कृत्ये काहीच सांगत नाही. परंपरेनुसार नीरोच्या छळात त्यांचा वध झाला. रोमन नागरिक म्हणून त्यांना क्रूसाऐवजी तलवारीचे मरण आले.