अभियंता दिन विशेष : सिद्धांताला कामाला लावणारे विश्वेश्वरय्या

म्हैसूर, १५ सप्टेंबर : म्हैसूरपासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर कावेरी नदीवर कृष्णराज सागर धरण उभे आहे. याच शहरात इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र असून देशभरातील नवपदवीधर तेथे प्रोग्रामिंगचे धडे गिरवतात. संगणक क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या तरुणांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पदवीच्या अभ्यासक्रमात शिकलेले गणित, अल्गोरिदमचे विश्लेषण आणि गणनाचे सिद्धांत रोजच्या कामात खरोखर उपयोगी पडतात का, की तयार साधने वापरून चालणारा कोड लिहिता येणे एवढेच पुरेसे आहे? ज्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या काळात संगणक नव्हता. पण हा प्रश्न मात्र होता. त्याचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीत सापडते आणि त्या कारकिर्दीचा मोठा भाग महाराष्ट्रात गेला.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावी झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. पण पितृछत्र लवकर हरपले आणि घरची परिस्थिती बेताची राहिली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला. पदवीनंतर म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचे पुण्याचे सीओईपी. १८८३ मध्ये ते मुंबई इलाख्यात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

नोकरीच्या आरंभीच त्यांना खानदेशात पाठवण्यात आले. पांझरा नदीच्या खोऱ्यात नळांच्या सायफनद्वारे पाणी पात्रापलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुस्तकातील जलदाबाचे सूत्र आणि पावसाळ्यात फुगणारी नदी यांची एकत्र गाठ त्यांना येथे पडली. याच पांझरेच्या काठी शेतकऱ्यांची जुनी फड पद्धत चालत आलेली होती. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिके फिरवायची आणि पाणी सर्वांनी ठरलेल्या पाळीने घ्यायचे, असा तिचा नियम होता. सिद्धांत केवळ महाविद्यालयात असतो असे नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातूनही तो साकारतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१८९० च्या दशकात सिंधमधील सक्कर शहराला पिण्याचे शुद्ध पाणी देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि गाळणी तलाव बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. वाळूच्या थरातून झिरपताना पाणी स्वच्छ होते, हे तत्त्व विश्वेश्वरय्या यांनी नदीलाच लागू केले. पात्रातच विहीर खोदून वाळूतून गाळले गेलेले पाणी तिच्यात घेण्याची योजना त्यांनी आखली. तत्त्व नेमके ठाऊक असल्यामुळेच नेहमीच्या खर्चिक बांधकामाला पर्याय शोधता आला.

पुण्याजवळील खडकवासला येथील काम याच विचारातून पुढे आले. दर पावसाळ्यात या जलाशयाच्या सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जात असे. ते साठवायचे तर धरणाची उंची वाढवणे हा सरळ मार्ग होता. पण त्यामुळे जुन्या भिंतीवरचा भार वाढला असता. विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर बसवता येतील असे स्वयंचलित दरवाजे तयार केले. पाणी ठरावीक पातळीला पोहोचेपर्यंत ते बंद राहत. पातळी ओलांडली की पाण्याच्याच बळाने उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा बंद होत. रात्रीच्या पुरात माणूस तेथे हजर असो वा नसो, दरवाजा आपला नियम पाळत असे. १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले हे तंत्र पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा आणि म्हैसूरजवळील कृष्णराज सागर येथेही वापरले गेले. ठरावीक अट पूर्ण होताच ठरावीक क्रिया घडवणे, हाच आजच्या प्रोग्रामचाही गाभा आहे. अशी रचना करणाऱ्याला प्रत्येक संभाव्य स्थितीचा विचार आधीच करून ठेवावा लागतो, कारण चुकीची वेळ येते तेव्हा ती दुरुस्त करायला तो तेथे नसतो.

दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी आणलेली ब्लॉक पद्धत हे पाण्याच्या वाटपाचे कोडे होते. कालव्याजवळचा शेतकरी उसाला वाटेल तेवढे पाणी देई, तर दूरच्या शेताला ते पुरत नसे. जास्त पाण्याने जमिनीही बिघडत. ठरावीक क्षेत्राचे गट पाडून त्यांत ऊस आणि कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यावीत, म्हणजे तेवढ्याच पाण्याचा लाभ अधिक गावांना मिळेल, अशी ही योजना होती. फड पद्धतीशी तिचे नाते उघड आहे. आरंभी शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. हिशेब बरोबर असला, तरी ज्याच्या शेतात तो उतरवायचा त्याला तो पटावा लागतो, याची प्रचीती विश्वेश्वरय्या यांना आली आणि लोकांशी चर्चा करूनच त्यांनी ही पद्धत पुढे नेली.

मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळण्याची शक्यता त्या काळी नव्हती. १९०८ मध्ये त्यांनी सरकारी सेवा सोडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडवला आणि निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. शहरालगत नुसत्या भिंती उभारण्यावर त्यांनी समाधान मानले नाही. पाऊस आणि पाणलोट क्षेत्र यांचा अभ्यास करून त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे जलाशय सुचवले. त्यातूनच पुढे उस्मान सागर आणि हिमायत सागर हे जलाशय उभे राहिले.

१९०९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता म्हणून ते परतले आणि कन्नंबाडी येथील धरणाचा आराखडा त्यांनी हाती घेतला. शिवनसमुद्र येथील वीजनिर्मितीला बारमाही पाणी आणि मंड्या परिसरातील शेतीला सिंचन असे दोन्ही हेतू त्यात होते. १९११ मध्ये काम सुरू झाले. परंतु कावेरीच्या पाण्यावरून मद्रास सरकारने हरकत घेतली आणि संस्थानाला कमी साठ्यावर समाधान मानावे लागले. पाया मात्र मूळच्या मोठ्या साठ्याच्या हिशेबाने घातला गेला. या निर्णयावरून वाद वाढला, लवाद बसला आणि अखेर १९२४ मध्ये करार झाला.

अभियंत्याच्या दृष्टीने या निर्णयामागे एक साधे गणित होते. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढत जातो. म्हणून पाण्याची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या धरणाची भिंत नंतर उंच करता येते, पण अरुंद पाया नंतर रुंद करणे अतिशय अवघड असते. वर्गाच्या पटीने होणारी हीच वाढ प्रोग्रामरच्याही वाट्याला येते. प्रत्येक नोंदीची इतर प्रत्येक नोंदीशी तुलना करणारा प्रोग्राम १,००० नोंदींसाठी सुमारे ५ लाख तुलना करतो आणि विनासायास चालतो. नोंदी १०,००० झाल्या की तुलना सुमारे ५ कोटींवर जातात. चाचणीत निर्दोष ठरलेला कोड गर्दीच्या दिवशी कोसळतो, त्याचे कारण बहुधा पायातच असते. ते आधी ओळखण्याची दृष्टी सिद्धांत देतो.

सुरखी आणि चुन्याच्या दर्जात बांधलेले, सुमारे २.६ किलोमीटर लांब आणि सुमारे ४० मीटर उंच असे हे धरण पूर्ण होण्यास वीस वर्षे लागली. जुन्या कन्नंबाडीसह अनेक गावे पाण्याखाली गेली. मंड्याची शेती बहरली, तशी कित्येक कुटुंबे आपल्या भूमीला मुकली. ही किंमत कोणत्याही सूत्रात मांडता येत नाही.

१९१२ पासून विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी बंगळूरला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर मात्र महाराजांशी त्यांचे मतभेद झाले आणि त्यांनी पद सोडले. गुणवत्तेच्या मोजमापावरील त्यांचा विश्वास अढळ होता. परंतु ती गुणवत्ता मिळवण्याची संधीच ज्यांना नव्हती, त्यांच्या बाजूने हा हिशेब अपुरा होता, अशी टीका त्यांच्यावर होत आली आहे.

उतारवयातही शिक्षणाचा ध्यास सुटला नाही. भद्रावतीच्या लोखंड कारखान्यातील सेवेबद्दल मिळणारी रक्कम त्यांनी बंगळूर येथील व्यवसाय शिक्षण संस्थेच्या कामी लावली. ज्यांना पदवीपर्यंत पोहोचता येत नाही, त्या हातांनाही शास्त्राची जोड मिळावी, हा त्यामागील हेतू होता. १९५५ मध्ये भारतरत्न किताबाने त्यांचा गौरव झाला आणि एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

विश्वेश्वरय्या यांच्या कोणत्याही कामात सिद्धांत आणि व्यवहार वेगळे काढून दाखवता येत नाहीत. सक्करला पैशाच्या अडचणीने, दख्खनमध्ये शेतकऱ्यांच्या विरोधाने आणि कन्नंबाडीला राजकीय वादाने त्यांच्या गणिताची परीक्षा घेतली. आज म्हैसूरमध्ये संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्या तरुण अभियंत्याला रोज सूत्र मांडावे लागेलच असे नाही. पण आपला कोड किती भार पेलणार आहे, हे पाया घालतानाच त्याला ठरवावे लागते आणि त्या क्षणी सिद्धांताखेरीज दुसरे मोजमाप त्याच्या हाती नसते.