शेख-उर-रईस इब्न सीना आणि फेकलेला दगड

इब्न सीना हे नाव आपल्या समाजात थोर हकीम म्हणूनच परिचित आहे. परंतु हातातून सुटलेला दगड पुढे का जात राहतो, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावरही त्यांनी मूलगामी विचार केला होता, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म हिजरी 370, म्हणजे इसवी सन 980 च्या सुमारास बुखाऱ्याजवळील अफशना गावी झाला. वडील सामानी राजवटीत अधिकारी होते. मुलाच्या शिक्षणाकडे त्यांचे बारीक लक्ष असे. दहाव्या वर्षी कुरआन शरीफ मुखोद्गत झाले. पुढे हिंदी अंकगणित शिकण्यासाठी वडिलांनी त्यांना एका भाजीविक्रेत्याकडे पाठविले. ज्याच्यापाशी विद्या आहे तो उस्ताद, मग त्याचा धंदा कोणताही असो! अरस्तूचा, म्हणजे ॲरिस्टॉटलचा, एक ग्रंथ चाळीस वेळा वाचूनही त्यांना उमगला नाही. अखेर तीन दिरहमला मिळालेल्या फाराबींच्या छोट्या पुस्तकाने तो उलगडला.

अरस्तूविषयी एवढा आदर असूनही त्याचे प्रत्येक मत त्यांनी निमूटपणे स्वीकारले नाही. फेकलेल्या दगडाला मागून हवा ढकलत राहते, असे अरस्तू मानीत असे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने हे नाकारले. फेकणारा दगडातच जोर भरतो, आणि तो जोर आपोआप ओसरतो, असे त्याचे मत होते. इब्न सीना ‘किताब-अश-शिफा’ या ग्रंथात आणखी एक पाऊल पुढे गेले. दगडाला मिळालेला ‘मैल’, म्हणजे गतीचा कल, आपोआप संपत नाही. हवेसारखा अडथळा तो संपवितो. अडथळाच नसेल तर गती थांबण्याचे कारण उरत नाही. अशी संपूर्ण पोकळी असूच शकत नाही, असे ते मानीत. तरीही हा युक्तिवाद मोलाचा ठरला.

हे लेखन निवांतपणे झालेले नाही. हमदानच्या दरबारात ते वजीर होते. दिवसा राज्यकारभार आणि रात्री शिष्यांसह अध्ययन, असा त्यांचा क्रम होता. पुढे फर्दजानच्या किल्ल्यात सुमारे चार महिने कैद भोगावी लागली. तेथेही लेखणी थांबली नाही. 1037 साली हमदान येथे त्यांचे निधन झाले.

चौदाव्या शतकात फ्रान्समधील बुरिदाननेही असाच विचार मांडला. 1638 साली गॅलिलिओने गणिताने दाखविले की, आडवी गती आणि खाली पडण्याची गती एकमेकींत ढवळाढवळ करीत नाहीत. गच्चीवरून एक चेंडू आडवा फेकला व त्याच क्षणी तेवढ्याच उंचीवरून दुसरा नुसता सोडला, तर हवेचा अडथळा सोडल्यास दोन्ही एकदमच जमिनीवर येतात. पहिल्या सेकंदात दोन्ही सुमारे 4.9 मीटर खाली येतात; फेकलेला मात्र त्याच वेळात पुढेही सरकतो. म्हणून त्याचा मार्ग अन्वस्त वक्र होतो.

हे गणित इब्न सीनांचे नव्हे, आणि ते त्यांच्या नावावर चढविण्याने त्यांचा गौरव वाढणार नाही. उस्तादाचा मान राखूनही त्याच्या म्हणण्याची पारख करता येते, हे त्यांनी दाखविले. पालकांनो, मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगा. पण चाळीस वेळा वाचण्याची त्यांची चिकाटीही अंगी बाणवा.