पेन ड्राइव्ह मध्येच ओढला, तरी कॉम्प्युटर का कोसळत नाही? समजून घ्या डायक्स्ट्रा यांचे काम

अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे दृश्य. फाइल कॉपी होत असतानाच कोणीतरी पेन ड्राइव्ह ओढून काढतो. त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक काम त्या डिव्हाइसची नोंद पुसायला निघते, तर दुसरे तीच नोंद वाचत असते. आधी कोण पोहोचेल, यावर सगळे अवलंबून. यालाच 'रेस कंडिशन' म्हणतात. ती आवरण्याचा पाया घालणाऱ्यांत अग्रणी होते डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा.

जन्म ११ मे १९३०, रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडनला भौतिकशास्त्र शिकतानाच १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर झाले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत 'प्रोग्रामर' हा व्यवसाय मान्यच झाला नाही! दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची त्यांची पद्धत आजही प्रसिद्ध आहे.

पण खरी परीक्षा वेगळीच होती. एक्स-१ या नव्या कॉम्प्युटरमध्ये कोणतेही डिव्हाइस प्रोसेसरला मध्येच थांबवू शकणार होते. अशा यंत्रातली चूक कधी होईल सांगता येत नाही, पुन्हा घडवून दाखवताही येत नाही. डायक्स्ट्रा इतके धास्तावले, की त्यांनी हा निर्णय काही महिने लांबवला. अखेर तो प्रोग्राम त्यांनीच लिहिला आणि १९५९ मध्ये त्यावर डॉक्टरेट मिळवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. सामायिक गोष्टीला एका वेळी एकानेच हात लावावा, याचे उत्तर त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. 'सेमाफोर' ही त्यांचीच कल्पना. नाव रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या सोडत नाहीत, तसेच हे.

डिव्हाइस काढताना मात्र एवढ्यावर भागत नाही. कुलूपच पाडायच्या खोलीत असेल तर त्याचा काय उपयोग? म्हणून लिनक्ससारखे कर्नल आधी डिव्हाइस 'गेले' अशी खूण करते, नव्या मागण्या नाकारते आणि ती नोंद किती जण वापरताहेत हे मोजत राहते. शेवटच्याने सोडल्यावरच मेमरी मोकळी होते. ड्रायव्हरमध्ये ही मोजणी चुकली, तर आजही मशीन कोसळू शकते.

१९७२ चा ट्युरिंग पुरस्कार डायक्स्ट्रा यांना मिळाला. १९८४ पासून ते अमेरिकेत, ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकवत. लिखाण मात्र फाउंटन पेनने. १३०० हून अधिक टिपणे मागे ठेवून ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले.