एरिक लिडेल : शर्यतीनंतरची वीस वर्षे



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर येणार, म्हणून मी एका वेगळ्या सरांबद्दल लिहायचे ठरवले. ते आपल्या शाळेतले नाहीत, आपल्या देशातलेही नाहीत. पण विज्ञान शिकवायचे आणि मैदानही सांभाळायचे, म्हणजे आपल्यासारख्यांना ओळखीचेच वाटतील. त्यांचे नाव एरिक लिडेल. 'चॅरिअट्स ऑफ फायर' हा 1981 चा सिनेमा पाहिलेल्यांना ते आठवतील. सिनेमा जिथे संपतो, त्याच्या पुढची गोष्ट मला सांगायची आहे.

लिडेल यांचा जन्म 1902 मध्ये चीनमधल्या तिएनत्सिन शहरात झाला. आईवडील स्कॉटिश मिशनरी. एरिक लहान असतानाच त्याला आणि थोरल्या भावाला इंग्लंडमधल्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवून ते चीनला परतले. पुढची कित्येक वर्षे मुलांच्या वाट्याला आईवडील क्वचितच आले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकताना ते स्कॉटलंडकडून रग्बी खेळले आणि धावू लागले. धावण्याची ढब अगदी वेडीवाकडी होती. मान मागे टाकलेली, हात कुठेही फेकलेले. कोणत्याही पीटीच्या सरांनी रांगेतून बाहेर काढून दुरुस्त केले असते. पण वेग असा की 1923 मध्ये एका 440 यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून ते पडले, उठले आणि तरीही जिंकले.

1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांची हुकमी शर्यत 100 मीटरची होती. तिची प्राथमिक फेरी रविवारी आली. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचे नाही, ही त्यांची श्रद्धा होती. वेळापत्रक काही महिने आधीच कळले होते. मन वळवायचे प्रयत्न आणि टीका, दोन्ही झाले. ते बधले नाहीत आणि त्यांनी 400 मीटरची तयारी केली. 200 मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले. 11 जुलैला 400 मीटरच्या अंतिम शर्यतीत सर्वांत बाहेरची लेन मिळाली, म्हणजे प्रतिस्पर्धी दिसणारच नाहीत. ते पहिल्यापासूनच सुसाट सुटले आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

दुसऱ्याच वर्षी, वयाच्या 23 व्या वर्षी, हे सगळे सोडून ते तिएनत्सिनला गेले. तिथल्या अँग्लो-चायनीज कॉलेजात चिनी मुलांना विज्ञान शिकवायचे आणि त्यांच्याकडून खेळाची तयारी करून घ्यायची, असे काम. 1934 मध्ये फ्लॉरेन्स या कॅनेडियन तरुणीशी लग्न झाले. 1937 मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. त्या धुमाळीत ते सिआओचांग या ग्रामीण भागात काम करायला गेले. 1941 मध्ये गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना त्यांनी कॅनडाला पाठवले. स्वतः मागे राहिले. तिसरी मुलगी त्यांना कधीच पाहायला मिळाली नाही.

1943 मध्ये जपान्यांनी त्यांना वेइशिएनच्या छावणीत डांबले. दीड हजारांहून अधिक माणसे, अपुरे अन्न, कोंदट जागा. त्यात चीफू इथल्या मिशनरी शाळेतली मुले होती, तीही आईवडिलांपासून तुटलेली. वसतिगृहात वाढलेल्या लिडेल यांना त्या मुलांच्या मनात काय चालले असेल हे कुणी सांगायला नको होते. त्यांनी मुलांसाठी खेळ सुरू केले. मोडलेल्या हॉकी स्टिक चादरीच्या पट्ट्या गुंडाळून दुरुस्त केल्या. प्रयोगशाळा नव्हती, तर रसायनशास्त्राच्या उपकरणांची चित्रे हाताने काढून शिकवले. मी संगणकाच्या क्षेत्रात इतकी वर्षे काढली, पण साधने नाहीत म्हणून काम अडले असे आता सांगायला मला संकोच वाटतो.

मग तो रविवार आला. छावणीतल्या मुलांनी रविवारी स्वतःच हॉकीचा सामना ठेवला. लिडेल आले नाहीत. पंच नसल्याने सामना मारामारीवर गेला. त्यानंतरच्या रविवारी मात्र लिडेल मैदानात पंच म्हणून उभे होते. ज्या रविवारसाठी त्यांनी ऑलिंपिकची शर्यत सोडली, तो त्यांनी या पोरांसाठी मोडला. श्रद्धा सुटली म्हणून नव्हे. पदक ही स्वतःची गोष्ट होती, ती सोडता येत होती. मुलांना वाऱ्यावर सोडता येत नव्हते. निदान मला तरी तसे वाटते.

21 फेब्रुवारी 1945 रोजी मेंदूतल्या गाठीने त्यांचे छावणीतच निधन झाले. वय 43. ही बातमी कॅनडात पोचायला काही आठवडे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छावणी मुक्त झाली. 1991 मध्ये एडिंबरा विद्यापीठाने तिथे, म्हणजे आजच्या वेइफांगमध्ये, स्कॉटलंडहून आणलेल्या दगडाचे स्मारक उभारले.

आपल्या बॅचमधले बहुतेक जण आता साधारण त्याच वयाचे आहोत. दहावीत पोर्शन राहिला की पीटीचा तास आधी जायचा, आणि आम्हालाही त्यात काही गैर वाटत नसे. आज मुलीला मैदानावर सोडायला जाते तेव्हा उन्हात शिट्टी गळ्यात अडकवून उभे असलेले आपले सर आठवतात. त्यांच्यासाठी आम्ही कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. संमेलनाच्या दिवशी त्या राहिलेल्या टाळ्या वाजवू या.