वसईचे संत गोन्सालो गार्सिया



भावकी काय म्हणेल, या धाकाने आपल्या नांदूरघाटातही कितीतरी जण मनाविरुद्ध मान डोलावतात. थोडे मात्र वाकत नाहीत. ते मुळातच हट्टी असतात, असे आपण समजतो. संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र पाहून आम्हांला तसे वाटत नाही.

वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते लहान वयातच जपानला गेले, तिथली भाषा शिकले, धर्मशिक्षक झाले. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही म्हणून व्यापारात पडले. तो भरभराटीस आला, तरी सारे सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. म्हणजे आज्ञापालनाचे व्रत घेतलेला माणूस! १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषे म्हणून ते पुन्हा जपानला गेले.

सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. डिसेंबर १५९६ मध्ये धरपकड झाली. कैद्यांचे डावे कान कापून क्योतोत धिंड काढली आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेले. भरला व्यापार आधीच सोडलेल्या माणसाला धाक तरी कशाचा घालणार? शिवाय ते एकटे नव्हते. सोबत १२ वर्षांचा लुईस इबाराकी होता. धर्म सोडल्यास त्याला जीवदान देऊ केले होते, त्याने ते नाकारले. असे पोर शेजारी असताना मोठ्यांनी मागे कसे फिरावे?

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्या सर्वांना संत घोषित केले. वसईजवळ गास गावी संत गोन्सालो यांच्या नावाचे चर्च आहे.