सावित्रीबाईंची पूर्वतयारी

सावित्रीबाई फुले यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगावी १८३१ साली झाला. विवाहसमयी त्यांस अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरीच लिहावयास शिकविले. परंतु स्वतः वाचणे निराळे आणि दुसऱ्यास शिकविणे निराळे! म्हणून अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मिस फॅरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. या बाई १८२७ साली अमेरिकेहून आलेल्या. मुलींच्या शाळा चालवीत. पुण्यात १८४८ साली फुल्यांची मुलींची शाळा निघाली. वाटेत लोक अंगावर शेण व चिखल फेकीत. सावित्रीबाई जवळ दुसरे लुगडे ठेवीत, शाळेत पोहोचताच ते नेसत आणि शिकवू लागत. पुढे १८५५ साली या दांपत्याने दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांकरिता रात्रशाळा उघडली.