करकायद्याचे स्पष्टवक्ते पंडित : कै. नानी पालखीवाला

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात चरित्रे येतात ती बहुधा आपल्याच ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची. ते योग्यच आहे. आपल्या माणसांची नोंद आपण ठेवली नाही तर ती दुसरे कोण ठेवणार? तथापि यंदा आम्ही ही पाने ज्ञातीबाहेरच्या एका पुरुषाला दिली आहेत. नानाभाई अर्देशीर पालखीवाला हे मुंबईचे पारशी गृहस्थ. नानाभाईंचे नानी झाले आणि त्याच नावाने ते देशभर ओळखले गेले. त्यांचे आडनाव मात्र आपल्याला परके वाटू नये. त्यांचे पूर्वज पालख्या तयार करीत. त्या धंद्यावरून हे आडनाव पडले. आषाढीला पालख्या आपल्या जिल्ह्यातूनच पंढरीला जातात आणि आपल्यापैकी अनेकांची घरे मागावर उभी राहिली आहेत. हातांनी काम करणाऱ्या कारागिरांच्या कुळात जन्मलेल्या या माणसाने सरकारच्या तोंडावर सरकारचे चुकते कोठे ते सांगण्याचे काम सुमारे चाळीस वर्षे केले. आपल्या समाजातील जी मुले आज वकिलीकडे व हिशेबनिसीकडे वळत आहेत त्यांच्यासमोर हे चरित्र यावे, असे आम्हांस वाटले.

पालखीवालांचा जन्म मुंबईत 16 जानेवारी 1920 रोजी झाला. घरची स्थिती बेताची. लहानपणी ते बोलताना अडखळत. पुढे ज्यांच्या वाणीसाठी क्रीडांगणे भरली त्यांच्या जिभेला बाळपणी शब्द वश नव्हते, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. हा दोष त्यांनी चिकाटीने घालविला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इंग्रजी वाङ्मय घेऊन ते एम. ए. झाले. त्यांना खरे म्हणजे प्राध्यापक व्हावयाचे होते. विद्यापीठातील जागेसाठी त्यांनी अर्जही केला, पण ती जागा दुसऱ्या उमेदवारास मिळाली. इतर अभ्यासक्रमांचे प्रवेश तोवर संपले होते, म्हणून ते सरकारी विधी महाविद्यालयात दाखल झाले. एक नोकरी हुकल्यामुळे देशाला एक कायदेपंडित लाभला.

वकिलीच्या आरंभी सर जमशेटजी कांगा यांच्या कचेरीत त्यांना आश्रय मिळाला. कांगा हे मुंबई प्रांताचे माजी महाधिवक्ता आणि प्राप्तिकराच्या कायद्यातील अधिकारी पुरुष. गुरुशिष्यांनी मिळून लिहिलेला ‘द लॉ अँड प्रॅक्टिस ऑफ इन्कम टॅक्स’ हा ग्रंथ 1950 साली प्रसिद्ध झाला. शिष्याचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. ग्रंथातील बहुतेक श्रम शिष्याचेच, हे कांगा यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. असा मोठेपणा आमच्या पाहण्यात फारसा येत नाही, म्हणून त्याची येथे नोंद केली. ग्रंथाच्या आवृत्त्या पुढे निघतच राहिल्या आणि प्राप्तिकराच्या वादात तो हाती नसलेला वकील विरळा झाला.

करकायदा हा विषय रुक्ष खरा. परंतु सामान्य माणसाची सरकारशी सर्वांत निकट गाठ पडते ती येथेच. फौजदारी कायद्याशी संबंध न येता माणसाचा जन्म सरून जातो, पण दुकान वा कारखाना काढला की करखात्याची नोटीस आलीच. पालखीवालांनी हे मर्म ओळखले होते. 1957 साली संपत्तिकर व व्ययकर आले, 1958 साली देणग्यांवरही कर बसला. त्याच 1958 साली मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातील लहानशा सभागृहात पालखीवालांनी केंद्रीय अंदाजपत्रकावर व्याख्यान दिले. ए. डी. श्रॉफ यांनी स्थापन केलेल्या फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज या संस्थेच्या विद्यमाने ही प्रथा पडली व दरसाल चालू राहिली. श्रोते इतके वाढले की सभागृह अपुरे पडू लागले आणि व्याख्यान ब्रेबोर्न स्टेडियमवर न्यावे लागले. हाती कागद नाही, टिपण नाही. आकडे, कलमे, मागील वर्षांच्या तरतुदी सारे मुखोद्गत. क्रिकेटच्या मैदानावर हजारो माणसे कराची चर्चा ऐकावयास बसतात, हे दृश्य अन्यत्र कोठे दिसले असेल असे आम्हांस वाटत नाही. 1994 पर्यंत हा क्रम चालला.

त्यांच्या टीकेचा रोख समजण्यास एकच आकडा पुरे. 1973-74 साली दोन लाखांवरील उत्पन्नावर 85 टक्के कर आणि त्या करावर 15 टक्के अधिभार होता. दोन्ही मिळून 97.75 टक्के होत. म्हणजे त्या मर्यादेपुढे कमावलेल्या शंभर रुपयांतून मिळविणाऱ्याच्या पदरी सव्वादोन रुपये पडत. शिवाय संपत्तिकर निराळाच. असा कर प्रामाणिक माणसाला शिक्षा आणि अप्रामाणिकाला बक्षीस ठरतो. त्यातून तिजोरी भरत नाही, चोरखिसा भरतो, असे पालखीवालांचे प्रतिपादन होते. सरकारने नेमलेल्या वांछू समितीनेही वाढत्या करचोरीचे एक कारण हे अवाच्या सवा दरच असल्याचे सांगितले. 1974-75 साली कमाल दर 77 टक्क्यांवर आला, 1985 च्या अंदाजपत्रकाने तो 50 वर आणला व 1997 साली 30 वर. हे सर्व एकट्या पालखीवालांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या काळी असे बोलणारा श्रीमंतांचा हस्तक ठरत असे, त्या काळी ते बोलले.

त्यांची दुसरी तक्रार दरांविषयी नव्हती, कायद्याच्या चंचलपणाविषयी होती. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात दरवर्षी इतक्या दुरुस्त्या होत की तो वकिलालाही उमगेना. मग साध्या करदात्याची काय कथा? 2025 साली संसदेने त्याच्या जागी सुटसुटीत म्हणून नवा कायदा मंजूर केला.

पालखीवालांची कीर्ती करकायद्यापुरती राहिली नाही. येथे सोलापूरकर वाचकांस एका जुन्या प्रकरणाची आठवण करून देणे अवश्य आहे, कारण पुढचा धागा आपल्याच गावातून निघतो. आपली जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, 1949 च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. हजारो कामगारांच्या चुली विझण्याची वेळ आली. जानेवारी 1950 मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला व आपले संचालक नेमले. त्यावर चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तो त्याच वर्षी बहुमताने फेटाळला गेला. नव्या संचालकांनी भागांवरील उरलेली रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाने दावा लावला. 1953 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला : भरपाई न देता मालमत्ता काढून घेणारा हा कायदा घटनेशी विसंगत आहे. सरकारने 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीने भरपाईच्या पुरेपणाचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेला. गिरणी चालली पाहिजे हा कामगाराचा आग्रह आणि माझे घ्याल तर मोल द्या हा भागधारकाचा आग्रह. सोलापूरने हे दोन्ही आग्रह एकाच भोंग्याखाली ऐकले. यांपैकी एकच खरा मानण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

सोलापूरच्या गिरणीने उभा केलेला हाच प्रश्न 1969 च्या जुलैमध्ये चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने पुन्हा पुढे आला. सेंट्रल बँकेचे एक संचालक व भागधारक रुस्तम कावसजी कूपर यांच्या वतीने पालखीवाला उभे राहिले. मालमत्ता कंपनीची, मग भागधारकाला तक्रारीचा हक्क काय, असा आक्षेप सरकारपक्षाने घेतला. चिरंजितलालांच्या अर्जाच्या वेळी उपस्थित झालेला मुद्दा तो हाच. या खेपेस न्यायालयाने तो मानला नाही. 10 फेब्रुवारी 1970 रोजी अकरांपैकी दहा न्यायाधीशांनी कायदा रद्द ठरविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यातही सरकार हरले. तेथेही पालखीवालाच होते.

बँका आणि राजेरजवाडे! यामुळे ते धनिकांचे वकील, असा शिक्का त्यांच्यावर बसला. ते टाटा उद्योगसमूहात संचालक होते, एसीसी या सिमेंट कंपनीचे अध्यक्ष होते, हेही त्या शिक्क्यास पोषक ठरले. आक्षेप अगदीच निराधार नव्हे. प्राप्तिकर भरण्याइतके ज्याचे उत्पन्नच नाही, परंतु सुताच्या प्रत्येक गाठीमागे जो अप्रत्यक्ष कर भरतो, त्या विणकराचे गाऱ्हाणे ब्रेबोर्न स्टेडियमवर आमच्या मते पुरेसे उमटले नाही. तथापि या माणसाची पारख करताना 1968 ची एक घटना विसरता येत नाही. केंद्र सरकारने त्यांना महान्यायवादीपद देऊ केले. त्यांनी होकार दिला. परंतु घोषणा व्हावयाची त्याच्या आदल्या रात्री तीन वाजता त्यांना जाग आली. आपला निर्णय चुकला अशी त्यांची खात्री पटली आणि सकाळी त्यांनी नम्रपणे नकार कळविला. पद स्वीकारले असते तर पुढील सर्व खटल्यांत ते समोरच्या बाजूस उभे दिसले असते.

त्यांतील सर्वांत मोठा खटला केरळातील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांचा. विषय मठाच्या जमिनींचा. पण प्रश्न असा की, संसदेला घटना दुरुस्त करण्याचा अधिकार आहे तो घटना मोडण्याइतका आहे काय? तेरा न्यायाधीशांसमोर 31 ऑक्टोबर 1972 पासून 68 दिवस सुनावणी झाली. पालखीवाला तीसहून अधिक दिवस बोलले. केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई होते, तेही कांगांच्याच कचेरीत तयार झालेले. एका गुरूचे दोन शिष्य समोरासमोर. 24 एप्रिल 1973 रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला : संसदेने दुरुस्ती करावी, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावू नये. दोनच दिवसांनी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरकारपक्षास अनुकूल मत देणारे अ. ना. रे सरन्यायाधीश झाले. या अन्यायाविरुद्धही पालखीवालांनी उघड आवाज उठविला.

पुढचा प्रसंग त्यांच्या अनेक चाहत्यांना बुचकळ्यात टाकणारा आहे. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र पालखीवालांनी घेतले. ज्या सरकारशी ते वर्षानुवर्षे झगडले त्याच्याच प्रमुखाची बाजू! वकिलाने पक्षकाराचा पक्ष पाहावयाचा नसतो, त्याच्या बाजूतले कायद्याचे बळ पाहावयाचे असते, ही त्यांची धारणा होती. 24 जून रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. 25 च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. पालखीवालांनी वकीलपत्र लगेच परत केले. माणसे तुरुंगात चालली होती, वृत्तपत्रे मिटली होती आणि मोठमोठे उद्योगपती स्तुतिपत्रे लिहीत होते. त्या दिवसांत देशातील सर्वांत बलवान अशिलाला नाही म्हणण्याचा अर्थ काय, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगावयास नको.

त्या नोव्हेंबरात केशवानंद निकालाचा फेरविचार करण्यासाठी सरन्यायाधीश रे यांनी तेरा न्यायाधीशांचे पीठ बसविले. पालखीवालांनी दोन दिवस विरोधात युक्तिवाद केला. तिसऱ्या दिवशी, 12 नोव्हेंबर 1975 रोजी, रे यांनी पीठच विसर्जित केले. त्या दिवसांतील पालखीवालांच्या वाणीची उंची न्यायालयात क्वचितच कोणी गाठली असेल, असा अभिप्राय पीठावर बसलेले न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी पुढे नोंदविला आहे. 1980 साली बंगळूरच्या मिनर्व्हा मिलच्या खटल्यात, म्हणजे पुन्हा एका कापडगिरणीच्या निमित्ताने, बेचाळिसाव्या दुरुस्तीतील संसदेला अमर्याद अधिकार देणारी कलमे रद्द झाली. निकाल देणारे सरन्यायाधीश आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. 1973 साली ते मूलभूत चौकट न मानणाऱ्या सहांत होते. विरोधी मताचा न्यायाधीशही अखेर त्याच चौकटीत येऊन उभा राहिला, यात पालखीवालांच्या श्रमांचा वाटा मोठा आहे.

1977 ते 1979 या काळात ते अमेरिकेत भारताचे राजदूत होते. ते परदेशी असतानाच, 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. ज्या हक्कासाठी सोलापूरच्या गिरणीपासून बँकांपर्यंत लढाई झाली तो साधा कायदेशीर हक्क होऊन राहिला. मूलभूत चौकट मात्र टिकली. 1998 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांना अपत्य नव्हते. मिळविलेले धन त्यांनी सढळ हाताने दिले, चेन्नईच्या शंकर नेत्रालयास मोठी देणगी दिली. 2000 साली पत्नी नर्गिस निवर्तल्या. अखेरच्या काळात आजाराने ती वाणीही क्षीण झाली. 11 डिसेंबर 2002 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 2004 च्या जानेवारीत, त्यांच्या जन्मदिनी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. ज्या सरकारांना त्यांनी जन्मभर बोल लावले, त्याच सरकारच्या शिक्क्याखाली ते पत्रांवर चिकटून आपल्याही घरांत येऊन गेले असतील.